धूर आमच्या नाकापर्यंत आला तेव्हा

जानेवारी २०१६ च्या अखेरीस गोवंडीला लागून असलेल्या देवनार डम्पिंगच्या कचऱ्याला आग लागली आणि चेंबूरकरांना अचानक गोवंडीचा पुळका आला. तोवर आमच्या सोसायटीच्या लेखी गोवंडी म्हणजे हार्बर लाइनवरचं एक स्टेशन, जिथे गाडी थांबली की लोक नाकाला रुमाल लावतात. आता धूर थेट तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये येऊन बसला होता. उपग्रहाच्या छायाचित्रातही त्याचा पट्टा दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी पार्किंग आणि कबुतरं यापलीकडे चर्चा जात नाही. तिथे एका रात्रीत सगळे कचरातज्ज्ञ झाले. सह्यांची मोहीम झाली, निवेदन तयार झालं. त्यात ‘परिसरातील गरीब बांधवांच्या आरोग्याचा प्रश्न’ असं एक वाक्यही होतं. आमच्या दम्यावर दोन परिच्छेद लिहून झाल्यावर कुणाला तरी ते सुचलं असावं.

आग विझली आणि ग्रुप पुन्हा पार्किंगवर आला. काही जणांचं जाणं-येणं मात्र राहिलं. मी त्यातली एक. शनिवारी दुपारी गोवंडीतल्या बैंगणवाडीत एका खोलीत दहावीच्या मुलींना गणित शिकवायला जाऊ लागले, ती अजून जातेय. ज्यांच्या खोलीत वर्ग भरतो त्या मावशी जालन्याकडच्या. बहात्तरच्या दुष्काळात आईबापाबरोबर मुंबईत आल्या आणि पुढची सगळी उमेद डम्पिंगवर कचरा वेचण्यात गेली. आता गुडघे धरलेत, त्यामुळे दारात बसून निवडायचं काम करतात. पन्नी एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, कडक प्लास्टिक वेगळं. डब्याचं झाकण हातात आलं की ते वाकवून बघतात, कानाशी नेऊन टिचकी मारतात आणि न बघता नेमक्या ढिगात भिरकावतात. मुली आत समीकरणं सोडवत असताना बाहेर ही टकटक चालू असते.

पहिल्या काही दिवसांतच त्यांनी मला विचारलं होतं, “तुमच्या घरात धूर आला म्हणून आलात ना?” मी जराशी वरमले. त्या म्हणाल्या, “बरं झालं आला. आमच्याकडं रोजच व्हता, तवा कोण आलं?”

बोलण्यात टोमणा नव्हता. कुठल्या कारणाने का होईना, माणूस आलं, एवढाच हिशेब. बाहेरच्या माणसाची आस्था खरी की खोटी, हा प्रश्न आमच्यासारख्यांना फार छळतो. वस्तीतल्या माणसाला तो तितका छळत नाही, असं माझं हळूहळू मत झालंय. तिथे प्रश्न वेगळे असतात. पुढच्या महिन्यात येणार का? भांडण झालं तर कुणाच्या बाजूने उभी राहणार? आणि आम्ही ‘हे नको’ म्हटलं तर ऐकणार का, की तोंड फुगवून जाणार?

बाहेरच्यांनी वस्तीत येण्याला मुंबईत शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि योगायोग असा की तो इतिहास फिरून फिरून गोवंडीलाच येतो. १९२५ साली क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचा तरुण अमेरिकन मुंबईत उतरला. शिकागो विद्यापीठात शिकलेला, आणि अमेरिकन मराठी मिशनने बोलावलेला. ‘ज्ञानोदय’ काढणारं मिशन ते हेच. शिकागोत तेव्हा जेन अ‍ॅडम्स यांच्या हल हाउसचा बोलबाला होता. त्याआधी १८८४ मध्ये लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल निघाला होता. कल्पना अशी की सुशिक्षित माणसांनी गरीब वस्तीत नुसतं दान द्यायला जाऊ नये, तिथे जाऊन राहावं. मॅन्शार्टने तीच कल्पना नागपाड्यात आणली आणि दोनेक वर्षांत तिथे नागपाडा नेबरहुड हाउस उभं केलं. एका बाजूला कामाठीपुरा, दुसऱ्या बाजूला भायखळ्याच्या गिरण्या. मुसलमान, ज्यू, तेलुगू कामाठी, कोकणातून आलेले चाकरमानी, सगळे खेटून. दवाखाना, वाचनालय, मुलांचे वर्ग, व्याख्यानं, असा सगळा संसार मांडला.

माणूस मिशनरी, त्यातून गोरा. त्याच्या हेतूवर शंका घ्यायला जागा नव्हती असं कोण म्हणेल? पण नागपाड्याने त्याच्या संस्थेचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. व्याख्यानं कुणाच्या लक्षात राहिली माहीत नाही. पोरांनी बास्केटबॉल उचलला. हा अमेरिकेत जन्मलेला खेळ नागपाड्याच्या गल्ल्यांनी असा आपलासा केला की तिथून भारताच्या संघात खेळाडू जाऊ लागले. अब्बास मुंतसिर हे तिथलेच. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. महापालिकेच्या मैदानाला आज बच्चू खान या तिथल्याच प्रशिक्षकाचं नाव आहे. मॅन्शार्टचं नाव नागपाड्यात विचारलंत तर बहुतेक लोक खांदे उडवतील. मला यात काही वाईट वाटत नाही. उलट, एखाद्या बाहेरच्या माणसाचं काम जमलं की नाही हे ओळखायची ही बरी खूण आहे.

त्याच मॅन्शार्टने टाटा विश्वस्तांच्या मागे लागून १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी शाळा काढली, आणि सुरुवातीला ती भरायची नागपाडा हाउसमध्येच. १९४४ मध्ये तिचं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि १९५४ मध्ये ती देवनारला हलली. म्हणजे मुंबईच्या उकिरड्याच्या शेजारी, कारण देवनारचं डम्पिंग तिथे १९२७ पासून आहे. १९७१ मध्ये कत्तलखानाही तिथेच आला. दवाखान्यांचा कचरा जाळणारा प्रकल्पही त्याच भागात. शहराला जे जे डोळ्यांपुढे नको होतं, ते ते इथे आणून टाकलं. माणसंसुद्धा.

माणसंसुद्धा म्हणजे अक्षरशः. मानखुर्दची जनता कॉलनी आणीबाणीत, १९७६ मध्ये, जमीनदोस्त झाली. शेजारच्या अणुसंशोधन केंद्राला जागा हवी होती. हजारो लोक ट्रॉम्ब्याकडे चीता कॅम्पला हलवले गेले. त्यांच्यातच जॉकिन अर्पुथम होते. कोलार गोल्ड फील्ड्सहून पोटासाठी आलेला तमिळ तरुण. म्हणजे आला तेव्हा तोही बाहेरचाच. कॉलनीतला कचरा महापालिका उचलत नव्हती तेव्हा त्याने पोरं जमवली, प्रत्येकाच्या हातात थोडा थोडा कचरा दिला आणि तो नेऊन महापालिकेच्या कचेरीपुढे ओतला. पुढे त्यांनी राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ उभा केला, २००० मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तरी ओळख सांगताना झोपडपट्टीतला माणूस अशीच सांगायचे. आज गोवंडी-मानखुर्दला ‘मूळ रहिवासी’ शोधायला निघालात तर खाडीकाठचे कोळी आणि जुन्या गावठाणातली घरं सोडून कुणी सापडणार नाही. कुणी दुष्काळाने आणलं, कुणी दंगलीने, कुणी बुलडोझरने. शहरातला स्थानिक म्हणजे माझ्या मते एवढंच: ज्याला गैरसोयीच्या दिवशीही तिथून निघून जाता येत नाही. मला येतं. साडेपाचला वर्ग संपला की रिक्षा पकडून मी चेंबूरच्या घरी जाते, जिथे नळाला दिवसभर पाणी असतं. गोवंडी एम पूर्व वॉर्डात, आम्ही एम पश्चिममध्ये. नकाशावर मधे एक रेघ आहे, तेवढीच.

पण ‘आतला’ म्हणजे आपोआप भला, हेही मी मानत नाही, आणि हे वस्तीत उघड बोललं जातं, आमच्याकडेच दबून बोललं जातं. मावशींच्या गल्लीत पाण्याच्या पाइपलाइनवर कब्जा आहे तो गल्लीतल्याच माणसाचा. नळाला मोटर लावून तो पाणी ओढतो आणि ड्रमच्या हिशेबाने विकतो. त्याचा जन्म तिथलाच, दहाव्या-बाराव्याला हजर असतो, गणपतीला वर्गणीही सगळ्यात मोठी त्याचीच. त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करणार? ज्याला रात्री त्याच गल्लीत झोपायचंय तो तर करणार नाही. अशा वेळी बाहेरच्या माणसाचा खरा उपयोग होतो. त्याला भाषा येते, कायदा कळतो, यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे संध्याकाळी त्याला घरी जाता येतं. माझी जी सोय मला मघाशी खुपत होती तीच इथे कामाला येते.

याचं मोठं उदाहरण मुंबईच्या फुटपाथांचं. १३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना उचलून त्यांच्या गावी पाठवण्याची घोषणा केली. भर पावसाळ्यात. ओल्गा टेलिस या पत्रकार महिलेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. स्वतः त्या फुटपाथवर राहत नव्हत्या, उघडच आहे. १० जुलै १९८५ ला निकाल लागला: जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, असं घटनापीठाने म्हटलं. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल सोन्याच्या अक्षरांत आहे. पण त्याच निकालाने असंही सांगितलं की रीतसर नोटीस दिली तर महापालिकेला झोपड्या हटवता येतील. म्हणजे तत्त्व मिळालं, पथारी गेली ती गेलीच. बाहेरून केलेल्या लढाईची ही एक मर्यादा आहे, आणि ती टेलिस बाईंच्या प्रामाणिकपणाची मर्यादा नव्हे.

त्या सुमारास भायखळ्यात दुसरं एक काम सुरू झालं होतं. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकून नागपाडा हाउसमध्ये नोकरी केलेल्या शीला पटेल आणि काही सहकारी तिथून बाहेर पडल्या आणि १९८४ मध्ये त्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था काढली. जागा म्हणजे भायखळ्याच्या महापालिका दवाखान्याचं गॅरेज. तिथे फुटपाथवरच्या बायका दुपारच्या येऊन बसत. निकालानंतर पाडापाडी होणार अशी धास्ती होती, तेव्हा या मंडळींनी मोर्च्याच्या आधी मोजणी हाती घेतली. सुमारे ६,००० कुटुंबांची मोजणी झाली. हे लोक कोण, किती वर्षांपासून इथे आहेत, कामाला कुठे जातात. बहुतेकांचं काम चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मग फुटपाथ का सोडत नाहीत या प्रश्नाचं उत्तर आपोआपच मिळालं. १९८६ मध्ये त्या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना झाली. रोजची चिल्लर बचत, कर्ज, वसुली, सगळं बायकाच बघायच्या. मोजणीची कला ‘शिकलेल्या’ बायकांनी आणली असेल, पण गल्लीत कुणाचं घर कुठे संपतं हे ठरवायला त्यांना कुणी विचारलं नाही.

मग घराचा नमुना ठरवायची वेळ आली. वास्तुविशारद, संस्थेची माणसं आणि बायका एकत्र बसल्या. बायकांनी सांगितलं, जागा लहान असली तरी चालेल, पण उंची १४ फूट हवी, म्हणजे माळा निघतो आणि एका खोलीच्या दोन होतात. आणि संडास घरात नको, बाहेर सामाईक हवा. आपण सुशिक्षित माणसं हे ऐकून दचकतो. स्वतःचा संडास नको? कारण विचारलं तर सरळ आहे. एवढ्याशा घरात चुलीला लागून संडास, आणि पाण्याचा भरवसा नाही, म्हणजे काय होणार हे ज्याने डोक्यावर पाणी वाहिलंय त्याला कळतं. पुढे सार्वजनिक संडासांचं काम निघालं तेव्हाही अशीच एक गोष्ट बायकांकडून आली: पोरांसाठी वेगळी, बुटकी जागा. सकाळच्या रांगेत मोठी माणसं पोरांना मागे ढकलतात, आणि मोठ्या भांड्यावर बसायची लहान पोरांना भीती वाटते, म्हणून ती बाहेर गटारावर बसतात. हे कुठल्याही आराखड्यात येत नाही. ज्या आईने रोज पोराचं बोट धरून रांगेत उभं राहून बघितलंय तिलाच ते दिसतं. बाहेरच्या माणसाचं काम एवढंच की ते ऐकून नकाशावर काढायचं, आणि इंजिनिअरने खोडलं की पुन्हा काढायचं.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. त्याच एम पूर्वमध्ये लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसनाच्या मोठ्या वसाहती आहेत. रस्ते, रेल्वे अशा प्रकल्पांत घरं गेलेल्यांसाठी बांधलेल्या. पक्की घरं, नावावर, घरात संडास. झोपडीतून आलेल्या माणसाला आणखी काय हवं, असा बांधणाऱ्यांचा हिशेब. इमारती इतक्या जवळ की मधे जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या वसाहतींमधला क्षयरोग आणि उजेड-वाऱ्याची वानवा यांचा संबंध दिसून आला. मी नटवर पारेखमधून एकदा दुपारी चालत गेले तर दोन इमारतींमधल्या बोळात वरून पाणी ठिबकत होतं, खाली कचऱ्याचा थर होता, आणि दुसऱ्या मजल्यावरची बाई समोरच्या खिडकीतल्या बाईला हात लांबवून वाटी देत होती. मला पटकन ते चित्र छान वाटलं, शेजारधर्म वगैरे. मग लक्षात आलं की वाटी द्यायला हात पुरतो, इतकीच हवेला जागा आहे.

ज्यांनी हे बांधलं त्यांना आस्था नव्हती असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. असेलही. नियमात सूट मिळाली, जमीन महाग होती, लवकर घरं द्यायची होती, हे सगळं आस्थेपोटीही करता येतं. पण ज्याला तिथे राहायचंय त्याच्या हातात कधी खडू दिला गेला नाही, एवढं त्या बोळावरून सांगता येतं.

२००९ चा मुंबईचा मानवी विकास अहवाल निघाला तेव्हा एम पूर्वचा निर्देशांक ०.०५ होता, सगळ्या वॉर्डांत तळाला. टाटा इन्स्टिट्यूटने २०११ मध्ये, आपल्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने, या वॉर्डासाठी खास प्रकल्प हाती घेतला. देशभर समाजकार्यकर्ते पाठवणाऱ्या संस्थेला दाराबाहेरच्या वॉर्डाकडे ठरवून वळायला देवनारला आल्यावर पन्नासहून अधिक वर्षं लागली, यावर खवचट बोलणं सोपं आहे. मी बोलतेही. पण मग आमच्या सोसायटीचं काय? आमचा तर वॉर्ड एकच होता, पूर्व-पश्चिम अशी विभागणी नंतर झाली, आणि आम्हाला धूर लागला.

तरुण मुलं हल्ली मला विचारतात, ‘सेव्हियर’ होण्याची भीती वाटत नाही का? म्हणजे तारणहार बनण्याची. वर्गात येणारी एक स्वयंसेविका या भीतीने इतकी घेरली गेली की तिने येणंच सोडलं. ‘माझा इथे काय अधिकार?’ म्हणाली. मुलींची बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर होती. स्वतःच्या मनाचा असा सोवळा हिशेब मला अलीकडे ऐषारामच वाटू लागलाय. फोटो काढणाऱ्यांचा मला राग येतो, पण फोटो न काढता न येणाऱ्यांचा जास्त येतो.

मावशींनी मात्र त्या मुलीची आठवण बरेच दिवस काढली. “चांगली शिकवायची. तिला सांगा, अधिकार-बिधिकार आमी बघू, तू ये.”

आता नवीनच विषय निघालाय. धारावीच्या पुनर्विकासात जे अपात्र ठरतील, म्हणजे नंतर आलेले किंवा वरच्या मजल्यावर राहणारे, त्यांच्यासाठी धारावीबाहेर घरं बांधायची, आणि त्यासाठी ज्या जागा निघाल्या त्यांत देवनार डम्पिंगची १२४ एकर जागाही आहे. २०२४ मध्ये हा निर्णय झाला तेव्हा बैंगणवाडीत दोन मतं पडली. काही म्हणाले, कचऱ्याचा डोंगर हलला तर आपलीही सुटका होईल. काही म्हणाले, आणखी माणसं आणून टाकतायत, आमच्या पोरांना तर शाळेत बाक नाहीत. वर्गातली एक मुलगी म्हणाली, “टीचर, ते लोक बाहेरचे ना?” दुसरी हसली, “तू काय इथली? तुझी दादी यूपीची.”

मावशी दारातून ऐकत होत्या. “येऊ देत. आमी बी आलोच की,” म्हणाल्या. “पर पाणी कुठून देणार ते आदी सांगा म्हणावं. आमच्याच लायनीतून देणार असतील तर भांडण व्हणार, आन् भांडण आमच्यात लावून हे साहेबलोक घरी जाणार.”

मग त्यांनी मला अर्ज लिहायला बसवलं. सही त्या करणार, आणखी गल्लीतल्या पंधरा-वीस बायकांच्या त्या गोळा करणार. नवीन इमारतींमध्ये पुरेसं अंतर ठेवा, हा मुद्दा मी सगळ्यात वर घातला होता. त्यांनी तो तिसऱ्या क्रमांकावर नेला. पहिलं पाणी, दुसरे संडास, त्यात पोरांचे वेगळे. मी थोडा वाद घातला, हवेचं महत्त्व सांगितलं, नटवर पारेखचा दाखला दिला. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या तिसऱ्यावर. काढलं तर नाही ना?” सोमवारी अकराला वॉर्ड ऑफिसात जायचं ठरलंय. मी रजा टाकलीय.